आईच्या खोलीतला भोपळा

डॉक्टर दातांचे होते. दिवसभर लोकांच्या दाढांचे एक्स-रे उजेडासमोर धरून बघायचे, त्यामुळे असेल कदाचित, पण रंगीत चित्रांशी त्यांचं कधी जमलं नाही. एका अमेरिकन छायाचित्रकाराचे जुने काळे-पांढरे प्रिंट जमवायचे, हा त्यांचा छंद. छंद हा त्यांचा शब्द. बायको त्याला दुखणं म्हणायची.

तो अमेरिकन जाऊन बरीच वर्षं झाली होती. हयातीत त्याने लग्नं, पुढारी, सूर्यास्त असलं काही टिपलं नाही. त्याने नरसाळं टिपलं. कपड्यांचे चिमटे टिपले. अर्धा चिरलेला कांदा, पत्र्याची बादली, वाळूची टेकडी, कोणी न बसलेली खुर्ची. सगळं इतक्या जवळून आणि इतक्या कडक उजेडात, की बघणाऱ्याला आपण काहीतरी भव्य बघतोय असं वाटावं आणि मग हळूच लक्षात यावं, की हे नरसाळंच आहे.

त्यातही डॉक्टरांना हवे असत ते व्हिंटेज प्रिंट. म्हणजे फोटो काढला त्याच सुमारास त्या माणसाने स्वतःच्या डार्करूममध्ये, स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलेले. त्याच निगेटिव्हवरून मागाहून कोणीतरी काढलेली प्रत त्यांच्या लेखी कवळी होती. दिसायला तशीच, पण आपली नव्हे.

असे पंधरा-सोळा प्रिंट त्यांच्या अभ्यासिकेत सपाट खणांच्या एका कपाटात झोपलेले असत. झोपलेले म्हणायचं कारण, डॉक्टर त्यांना फारसे उठवत नसत. उजेडाने प्रिंट उडतो, हाताळल्याने डाग पडतात, श्वासातल्या वाफेने कागद फुगतो. बायको भूगोल शिकवायची. ती म्हणायची, "माझे नकाशे निदान फळ्यावर तरी टांगता येतात."

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग उमटला. प्रिंट वाचले, पण डॉक्टरांची झोप उडाली. हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र हातात घेऊन ते घरभर फिरले. पुढच्या खोलीत ऊन फार. दिवाणखान्यात स्वयंपाकघराची वाफ. कोरडी, गार, उत्तरेकडे तोंड असलेली, ऊन शिरत नाही अशी एकच खोली घरात होती, आणि तिथे आई राहत होती.

आई ऐंशीच्या घरात होती. सगळी नोकरी तिने मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून केली होती. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून तिने नुसतं चष्म्यावरून पाहिलं, की भाजीवाला आपणहून वजनाचा काटा पुसायचा.

डॉक्टर तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले.

"आई, तुला पुढची खोली आवडते ना? रस्ता दिसतो तिथून."

"रस्ता मी पाहिलाय," आई म्हणाली.

"ऊन येतं. तुझ्या पाठीला बरं पडेल."

"माझी खोली कशाला हवी आहे ते सांग."

डॉक्टरांनी सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे ते ऊन तुझ्या चित्रांना सोसत नाही, आणि मला सोसेल."

"आई, तू माणूस आहेस. तो कागद आहे."

"एवढं तरी तुझ्या लक्षात आहे, हे बरं झालं." तिने पांघरूण सारखं केलं. "मी कुठे जाणार नाही. त्यांना इथे घेऊन ये. मी काही चावत नाही त्यांना."

अशा रीतीने कपाट आईच्या खोलीत आलं. पण ते भिंतीला टेकतंय न टेकतंय तोच आईने फर्मान काढलं, की आपल्या खोलीत राहायला कोण आलंय ते आपल्याला बघायचं आहे. वसतिगृहात नवी मुलगी आली की ती असंच करायची. डॉक्टरांनी पांढरे हातमोजे चढवले आणि एकेक खण उघडायला घेतला.

नरसाळं पाहून आई म्हणाली, "आपल्याकडे होतं असं. हरवलं." चिमट्यांपाशी ती जरा थांबली. कांदा बघून म्हणाली, सुरीला धार चांगली होती. खुर्ची तिला एकटी वाटली. डॉक्टर खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या संग्रहाकडे घरातल्या कोणी इतकं लक्ष दिलं नव्हतं. त्या भरात ते शेवटच्या खणाशी कधी पोचले ते त्यांना कळलंच नाही, आणि आत काय आहे ते खण उघडल्यावरच आठवलं.

त्या अमेरिकनाने आयुष्यभर वस्तूच टिपल्या, पण एक अपवाद केला होता. एकदा त्याने एक बाई टिपली होती. पाठमोरी, जमिनीवर बसलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, मान पुढे इतकी झुकवलेली की डोकं दिसत नाही, हातही दिसत नाहीत. दिसते ती नुसती उघडी पाठ, खाली रुंद होत गेलेली. अंगावर सूत नाही. डॉक्टरांच्या संग्रहातली ही सर्वांत मोलाची वस्तू. आणि समोर बसली होती ती बाई, जिच्या वसतिगृहात मुलींना बिनबाह्यांचं पोलकंसुद्धा चालत नसे.

"आणि हे काय?" आईने विचारलं.

"भोपळा," डॉक्टर म्हणाले.

आईने चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तांबडा की दुधी?"

"तांबडा. म्हणजे, काळ्या-पांढऱ्यात रंग कळत नाही, पण तांबडाच." डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "अमेरिकन जात आहे. आपल्या भोपळ्यासारख्या त्यावर रेघा नसतात. साल गुळगुळीत असते. बियाही कमी असतात म्हणे."

"बियाही कमी असतात," आई म्हणाली. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली, मग मुलाकडे. "छान आहे. सगळ्यात हेच छान आहे. हे भिंतीवर लाव, माझ्या पलंगासमोर."

"भिंतीवर नको, उजेडाने—"

"तूच म्हणालास, इथे ऊन येत नाही. उठल्याउठल्या डोळ्यांसमोर काहीतरी बरं असावं माणसाच्या."

नाही म्हणायला कारण सापडेना. भोपळा भिंतीवर लागला.

त्यानंतर डॉक्टरांच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, प्रिंट त्यांच्या हातातून गेले. आईने खोलीचे नियम केले. आत येताना हात धुवून, कोरडे करून यायचं. चहाचा कप उंबऱ्याबाहेर ठेवायचा. खण उघडताना बोलायचं नाही, बोलायचं असेल तर तोंड बाजूला करायचं. भेटायची वेळ दुपारची झोप झाल्यावर, दिवेलागणीच्या आत. वेळ सोडली तर हे सगळं डॉक्टरांनीच कधी ना कधी घरात सांगितलेलं होतं. पण आई ते पाळायला लावत होती, हा फरक होता. एकदा दोन रोग्यांच्या मध्ये मिळालेल्या वेळात ते खालच्या दवाखान्यातून घाईने वर आले, तर दार लोटलेलं आणि बाहेर बायको वह्या तपासत बसलेली.

"झोपल्यात," ती म्हणाली.

"मला फक्त बादली बघायची होती."

"उद्या बघ. बादली कुठे पळत नाही."

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. आईला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भोपळा दाखवला जाऊ लागला, आणि दाखवताना डॉक्टर घरात असले तर आई त्यांना हाक मारून माहिती सांगायला लावी. डॉक्टर बिचारे हात पुसत यायचे आणि अमेरिकन भोपळ्याच्या लागवडीविषयी बोलायचे. दर वेळी माहितीत भर पडायची. वेल जमिनीवर पसरतो. पाणी बेताचं लागतं. थंडीत फळ पुष्ट होतं.

शेजारी निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या एकदा आल्या. खुर्ची चित्राच्या अगदी जवळ ओढून बसल्या, मान तिरकी करून त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"चांगला पोसलाय," त्या म्हणाल्या. "फक्त इथे खालच्या अंगाला जरा बाक आलाय."

"जमिनीवर टेकून वाढतो ना," डॉक्टर म्हणाले.

"त्यानेच येतो," नर्सबाई म्हणाल्या, आणि आईने खिडकीबाहेर बघितलं.

गावात त्या अमेरिकनाचे प्रिंट जमवणारा आणखी एकच माणूस होता, तो म्हणजे वकील. वकिलांकडे जिना होता. वळत वर जाणारा, कठड्याची सावली पायऱ्यांवर पडलेली. त्या जिन्यासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं झुरत होते आणि वकील त्या पाठीसाठी. दोघंही एकमेकांना आपलं देणार नाहीत हे पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यांची मैत्री टिकून होती. भेटले की एकमेकांच्या प्रिंटमधले दोष काढायचे. बोलण्यात अर्थात वकील वरचढ. डॉक्टर वाक्य सुरू करायचे आणि वकील ते संपवायचे, तेही उलट्या दिशेने.

शहरातल्या संग्रहालयाने त्या अमेरिकनाच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा दोघांकडेही विचारणा झाली. संग्रहालयाच्या क्युरेटरबाई प्रिंट तपासायला घरी येणार होत्या. डॉक्टरांनी आदल्या दिवशी त्यांना फोन केला.

"एक विनंती होती. आमच्या आईसमोर त्या पाठीला भोपळा म्हणाल का?"



"डॉक्टर, मी या माणसाच्या कामावर प्रबंध लिहिलाय."

"म्हणून तर तुम्हालाच विचारतोय. तुम्ही म्हणालात तर तिची खात्री पटेल."

"भोपळा मला म्हणता येणार नाही," क्युरेटरबाई विचार करून म्हणाल्या. "वस्तू म्हणेन."

वकिलांनाही सांगणं भाग होतं, कारण ते येणारच होते. ते ऐकून वकिलांना इतका आनंद झाला, की डॉक्टरांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सगळे हात धुवून आईच्या खोलीत जमले. बायको शाळेतून लवकर आली होती. नर्सबाई सहज म्हणून डोकावल्या आणि बसल्या. क्युरेटरबाईंनी भिंग काढलं, चित्र भिंतीवरून उतरवून घेतलं, फ्रेममधून सोडवलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, कागदाची कड बोटाच्या पेराने चाचपली.

"ही वस्तू उत्तम अवस्थेत आहे," त्या म्हणाल्या. "या वस्तूचे इतके जुने प्रिंट फार थोडे उरलेत."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला, तोंड बाजूला करून. तेवढ्यात वकील पुढे सरकले.

"आई, तुम्ही तर हे रोज बघता. तुम्हाला काय दिसतं यात?"

"काय दिसायचं," आई म्हणाली. मग तिने टेकायला उशी मागितली आणि सावकाश सांगायला लागली. "उजेड डावीकडून आलाय. खिडकी उंचावर असणार. खाली फरशी आहे, आणि गार आहे. इथे कंबरेपाशी बघा कसा ताण आलाय. फार वेळ बसवून ठेवलंय. अवघडली आहे बिचारी."



"कोण अवघडली आहे?" वकिलांनी मृदूपणे विचारलं.

"भोपळा."

"मग भोपळा अवघडला, असं म्हणायला हवं."

आईने चष्मा काढला. वसतिगृहात ती चष्मा काढायची तेव्हा मुली आपणहून खरं सांगायच्या.

"वकीलसाहेब, ती बाई आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्या बाईंना ठाऊक आहे, त्या मघापासून वस्तू वस्तू करताहेत. मला ठाऊक आहे. ते कुणालाच ठाऊक नाही असं फक्त माझ्या मुलाला वाटतंय."

डॉक्टरांचे कान आता एक्स-रेच्या खोलीतल्या दिव्यासारखे लाल झाले होते.

"तुला कधी कळलं?"

"तू खण उघडलास तेव्हा. अरे, भोपळ्याला मणके असतात का?"

"डावीकडे जरा झुकलेत," नर्सबाई म्हणाल्या. "मी त्याच दिवशी म्हटलं आईंना. हिला पुढे कंबरेचा त्रास झाला असणार."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"तुलाही माहीत होतं?"

"मी तुला सांगणार होते. आई म्हणाल्या, राहू दे."

"का पण?" डॉक्टर आईकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"वसतिगृहात मुली यायच्या, खाली मावसभाऊ आलाय म्हणून सांगायच्या," आई म्हणाली. "मी लगेच काही म्हणत नसे. म्हणायची, कुठल्या मावशीचा? मग मावशी कुठे राहते, काका काय करतात, सगळं रचत जायच्या बिचाऱ्या. कुठपर्यंत जातात ते बघायची मी. बहुतेक काकांपाशी थांबायच्या. तू बियांपर्यंत गेलास."

पहिल्यांदा हसल्या त्या क्युरेटरबाई. हातात प्रिंट असल्यामुळे त्यांनी तो आधी काळजीपूर्वक टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरल्या आणि मग हसल्या. नंतर बाकीच्यांनाही हसू आवरलं नाही. डॉक्टर तेवढे उभे होते, पण थोड्या वेळाने तेही आईच्या पलंगावर बसले आणि त्यांनाही हसू फुटलं.

"मला वाटलं तुला आवडायचं नाही," ते म्हणाले.

"मी रेक्टर होते, आंधळी नव्हते. नव्वद मुलींना मी आजारपणात पुसून काढलंय. पाठ बघून मला काय होणार?" आईने चित्र जवळ आणायला सांगितलं. "ही कोण होती रे? खरं सांग आता."

"त्याची बायको," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या स्वयंपाकघरात काढलाय हा फोटो. तिथला उजेड त्याला आवडायचा."

"पुढे पटलं का त्यांचं?"

"नाही. काही वर्षांनी ती सोडून गेली."

"वाटलंच मला," आई म्हणाली. "साधी चटईसुद्धा घातली नाही खाली."

प्रदर्शन भरलं तेव्हा आई हट्टाने गेली. संग्रहालयात ती पाठीसमोरच्या बाकावर ठाण मांडून बसली आणि फार जवळ जाणाऱ्यांना, ओळख ना देख, मागे व्हायला सांगू लागली. तिथला पहारेकरी सुरुवातीला बिचकला; नंतर तो दुसऱ्या दालनात जाऊन निवांत बसला. नरसाळ्यापाशी गर्दी बेताची होती. कांद्यापाशी एक जोडपं भांडत होतं. वकील मात्र पाठीभोवती घुटमळत होते, आणि शेवटी त्यांनी डॉक्टरांना खांबाआड ओढलं.

"मी जिना देतो," ते म्हणाले. "पाठ मला द्या."

इतकी वर्षं डॉक्टर हे वाक्य ऐकायला आसुसले होते. ते तडक आईकडे गेले आणि शेजारी बसून त्यांनी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"चित्र तुझं आहे," आई म्हणाली. "मला कशाला विचारतोस?"

"तुला जिना चालेल का पलंगासमोर?"

"तू लावशील ते चालेल."

डॉक्टर उठले, जिन्यासमोर जाऊन उभे राहिले. सुंदर होता. कठड्याची सावली पायरीगणिक मोडत वर जात होती, आणि अगदी वरच्या टोकाला थोडा उजेड होता. मग त्यांनी मागे वळून बघितलं. आई एका शाळकरी मुलीला पाठीतले मणके मोजून दाखवत होती, बोट काचेपासून वीतभर लांब ठेवून, आणि ती मुलगी तोंड बाजूला करून श्वास घेत होती.

"नको," डॉक्टर वकिलांना म्हणाले.

"विचार करा. पुन्हा म्हणणार नाही मी."

"आईचे गुडघे दुखतात. रोज उठून जिना बघायचा म्हणजे तिला त्रास होईल."

हे कारण वकिलांना कुठल्याही कोर्टात टिकणारं वाटलं नाही आणि त्यांनी तसं सविस्तर सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले, पण नको ते नकोच. वकील तणतणत निघून गेले.

पाठ घरी परत आल्यावर मात्र वकील आठवड्यातून एकदा यायला लागले. देणार नसाल तर निदान बघू द्या, म्हणाले. आईची हरकत नव्हती, नियम पाळले की झालं. एका दुपारी ते लवकर आले. आई अजून उठली नव्हती. डॉक्टरही बादली बघायला म्हणून वर आले होते. दोघंही हात धुवून, ओले हात हवेत धरून बाहेरच्या बाकावर बसले. वकील गप्प होते. हे इतकं नवलाचं होतं की डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. वकिलांचा उजवा गाल सुजला होता.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. जरा ठणकतंय."

"आ करा."

"इथे?"

"चला खाली."

खाली दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. अक्कलदाढ आडवी वाढली होती. फोटो सुरेख आला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गाल बधिर व्हायची वाट पाहिली, तोंडात कापूस भरला, आरसा घातला, लाळ ओढायची नळी ओठात अडकवली. आता वकिलांना बोलणं शक्य नव्हतं.

"तुमच्या त्या जिन्याविषयी," डॉक्टर हत्यारं मांडत म्हणाले, "एक गोष्ट मला फार दिवसांपासून सांगायची आहे. प्रिंट चांगला आहे, पण सावल्या गरजेपेक्षा जास्त काळ्या उतरल्यात. खालच्या चार पायऱ्या दिसतच नाहीत."

"अँ," वकील म्हणाले.

"मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. त्याला तसंच हवं होतं. पण मग कठड्याचं काय?"

वकिलांनी दोन्ही हात वर केले. डॉक्टरांनी ते हलकेच धरून खुर्चीच्या हातांवर पुन्हा ठेवले, दिवा जरा खाली घेतला, आणि कठड्याबद्दलचं आपलं म्हणणं पहिल्यापासून, निवांतपणे सांगायला सुरुवात केली.